चर्चवर कर नको, हिशेब हवा

२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सार्वमत झालं. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत नाही, असं घटनेतच लिहायचं का, एवढा एकच प्रश्न होता. सुमारे ५९ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं. दुरुस्तीच्या बाजूनं सर्वांत मोठ्या रकमा देणाऱ्यांमध्ये कॅन्सस सिटीचा कॅथलिक आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतला धर्मप्रांत, होता. त्यानं दिलेला पैसा २० लाख डॉलरहून जास्त होता. हा आकडा कोणाला खणून काढावा लागला नाही. सार्वमताच्या मोहिमेला दिलेला पैसा देणाऱ्याच्या नावानिशी जाहीर करावा लागतो, आणि राज्याच्या त्या नियमातून चर्चही सुटत नाही.

आता ७ नोव्हेंबर २००९ चं वॉशिंग्टन घ्या. ओबामांचं आरोग्य विधेयक प्रतिनिधिगृहात गर्भपाताच्या मुद्द्यावर अडलं होतं. कॅथलिक बिशप परिषदेचे कर्मचारी कॅपिटॉलमध्ये बसून सभापती नॅन्सी पेलोसी यांच्याशी वाटाघाटी करत होते. अखेर सरकारी मदतीच्या विम्यातून गर्भपाताला पैसा मिळू नये, अशी स्टुपॅक दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ मतांनी मंजूर झाली. त्या कामावर परिषदेनं किती माणसं लावली, किती तास घालवले, किती डॉलर खर्चले, याची ओळ परिषदेनं लॉबिंगच्या, म्हणजे कायद्यांसाठी लोकप्रतिनिधींचं मन वळवण्याच्या, फेडरल नोंदींमध्ये लिहिण्याची गरजच नव्हती. कायद्यानं चर्चला ती मोकळीक दिली आहे.

दोन्ही ठिकाणी चर्चनं केलं ते कायद्यात बसणारं होतं. धर्मसंस्थेनं आपल्या श्रद्धेला धरून कायदेमंडळापुढे म्हणणं मांडावं, यात मला काही गैर वाटत नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा चर्चच्या बाकांवरून उठलेल्या माणसांशिवाय झालाच नसता. खटकतं ते हे, की कॅन्ससमध्ये दिसणारा हिशेब वॉशिंग्टनमध्ये दिसत नाही. करमाफी आणि लॉबिंग यांच्यातली खरी गाठ इथे आहे, पण सगळा गदारोळ चालतो तो धर्मगुरूंनी उमेदवारांना पाठिंबा द्यावा की नाही यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गोंधळ का होतो, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली धर्मादाय, शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांना करमाफी मिळते. तिच्या बदल्यात दोन बंधनं येतात आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. एक उमेदवाराबद्दलचं. कोणत्याही उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात प्रचारात उतरायचं नाही. इथे मर्यादा शून्य. टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी १९५४ मध्ये हे शब्द कायद्यात घातले, म्हणून ही 'जॉन्सन दुरुस्ती'. दुसरं बंधन त्याहून २० वर्षं जुनं, १९३४ चं, आणि ते विधेयकांबद्दलचं आहे. संस्थेच्या कामाचा 'भरीव भाग' कायदे घडवण्याच्या किंवा पाडण्याच्या प्रयत्नात जाता कामा नये. म्हणजे लॉबिंग चालतं, फक्त मर्यादेत. सार्वमताच्या प्रश्नावरची मोहीमही लॉबिंगमध्येच मोडते, कारण तिथे मतदारच कायदा करत असतात.

पहिल्या बंधनापायी चर्चची मुस्कटदाबी होते, अशी ओरड गेली काही दशकं चालू आहे. प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनजवळच्या 'चर्च ॲट पिअर्स क्रीक'नं ३० ऑक्टोबर १९९२ रोजी, मतदानाला चार दिवस असताना, 'यूएसए टुडे' आणि 'वॉशिंग्टन टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन ख्रिस्ती मतदारांना बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध सावध केलं. त्याच जाहिरातीत खर्चासाठी करवजावटीस पात्र देणग्याही मागितल्या. आयआरएस या करखात्यानं १९९५ मध्ये त्याची मान्यता काढली आणि २००० मध्ये अपील न्यायालयानं ती कारवाई उचलून धरली. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही नोंदवलं, की कारवाईचा परिणाम बराचसा प्रतीकात्मक आहे. चर्चला करमाफीसाठी अर्जच करावा लागत नाही. उमेदवारांपासून दूर राहायचं ठरवलं की ते पुन्हा स्वतःला करमुक्त म्हणवून घेऊ शकतं.

पॅसाडिनाच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये २००४ च्या मतदानाच्या दोन दिवस आधी इराक युद्धावर प्रवचन झालं. आयआरएसची चौकशी २००७ पर्यंत चालली आणि 'हस्तक्षेप झाला' एवढं कळवून दंडाविना मिटली. २००८ मध्ये ३३ धर्मोपदेशकांनी ठरवून, उघडपणे उमेदवारांबद्दल प्रवचनं दिली. पुढच्या वर्षांत ही संख्या शेकड्यांवर गेली. करमाफी कोणाचीच गेली नाही. जुलै २०२५ मध्ये तर आयआरएस आणि नॅशनल रिलिजस ब्रॉडकास्टर्स ही संघटना यांनी मिळून टेक्ससच्या फेडरल न्यायालयापुढे अर्ज ठेवला: उपासनेच्या निमित्तानं, नेहमीच्या माध्यमांतून, आपल्याच मंडळीशी श्रद्धेच्या अंगानं निवडणुकीबद्दल बोलणं हा हस्तक्षेप समजू नये.

त्या अर्जातल्या बोलण्याची मला धास्ती नाही, पैशाची आहे. राजकीय समितीला एक लाख डॉलर दिले, तर देणाऱ्याच्या खिशातून पूर्ण एक लाख जातात, कारण राजकीय देणगीला वजावट नाही. तेच एक लाख चर्चला दिले आणि देणारा ३५ टक्के कराच्या टप्प्यात असेल, तर त्याला ते सुमारे ६५ हजारांना पडतात. उरलेले ३५ हजार बाकीचे करदाते भरतात. शिवाय चर्चच्या देणगीदाराचं नाव कुठेही जाहीर होत नाही. उमेदवारांकडे जाणारी वाट रुंद केली, की हा स्वस्त आणि निनावी पैसा तिकडे वळणार. लॉबिंगच्या बाबतीत मात्र तो कधीचाच वळला आहे.

कारण 'भरीव भाग' म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. १९५५ च्या सीझनगुड खटल्यात, वेळ आणि श्रमाच्या ५ टक्क्यांहून कमी लॉबिंग भरीव नाही, असं ठरलं. १९७४ च्या हॅसवेल खटल्यात १६ ते २० टक्के खर्च भरीव ठरला. मधल्या पट्ट्याचं काय, याचं उत्तर नाही. टल्साच्या बिली जेम्स हार्गिस यांच्या 'ख्रिश्चन एकोज' संस्थेची करमाफी रद्द झाली तेव्हा, १९७२ मध्ये, दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयानं टक्केवारीची कसोटीच नाकारली. संस्थेची सगळी परिस्थिती आणि उद्दिष्टं पाहून ठरवावं, असं ते म्हणालं.

टक्केवारी काढायची म्हटलं तरी छेदात काय घ्यायचं? एका पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चचा खर्च, बिशपच्या अख्ख्या डायोसिसचा, की शाळा आणि सेवासंस्था धरून सगळ्या संप्रदायाचा? छेद जितका मोठा तितका लॉबिंगचा हिस्सा लहान. शेकडो कोटींचा पसारा असलेल्या संस्थेनं विधेयकांवर ५० लाख डॉलर खर्च केले, तरी ते टक्क्याच्या आतच राहतात. उलट ६० माणसांच्या चर्चनं एका हंगामात चार रविवार एकाच विधेयकावर घालवले, तर कागदावर त्याचा हिस्सा ठसठशीत दिसतो. भरीस भर म्हणजे या कसोटीत पैशाबरोबर श्रमही धरतात, म्हणजे बिनपगारी स्वयंसेवकांचे तासही. ज्या चर्चकडे पैसा नाही आणि फक्त माणसं आहेत, त्याला ही तरतूद जाचक. ज्याच्याकडे दोन्ही मुबलक आहेत, त्याला ती जाणवतही नाही.

यावर १९७६ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, एक नीटस तोडगा काढला: कलम ५०१(एच). संस्थेनं फॉर्म ५७६८ हा छोटासा अर्ज भरला, की 'भरीव भाग' हे मोघम माप जातं आणि आकडे येतात. वर्षाच्या पात्र खर्चातल्या पहिल्या ५ लाख डॉलरचे २० टक्के, पुढच्या ५ लाखांचे १५, त्यापुढच्या ५ लाखांचे १० आणि उरलेल्या खर्चाचे ५ टक्के, अशी लॉबिंगची मर्यादा. कमाल १० लाख डॉलर. उदाहरणार्थ, १७ लाखांचा खर्च असलेल्या संस्थेला १ लाख, ७५ हजार, ५० हजार आणि १० हजार मिळून २ लाख ३५ हजार डॉलरपर्यंत लॉबिंग करता येतं. त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा, म्हणजे ५८,७५० डॉलर, सामान्य जनतेला 'तुमच्या प्रतिनिधीला फोन करा' असं सांगण्यावर खर्च करता येतो. मर्यादा ओलांडली तर जादा रकमेवर २५ टक्के कर. चार वर्षांच्या सरासरीत दीडपटीच्या वर गेलं तरच करमाफी धोक्यात येते. स्वयंसेवकांचे तास यात मोजतच नाहीत, कारण हे माप फक्त खर्चाचं आहे.

ही सोय चर्चना नाही, आणि ती चर्चनीच मागून नाकारून घेतली. त्यामागचं तत्त्व समजण्यासारखं होतं. राज्यसंस्थेनं आखून दिलेला आकडा एकदा मान्य केला, की धर्मसंस्थेच्या साक्षीला मर्यादा घालण्याचा सरकारचा अधिकारच मान्य केल्यासारखं होतं, अशी त्यांची भूमिका होती. पण जवळपास ५० वर्षांनंतर हिशेब मांडला तर काय दिसतं? मर्यादा तशीच राहिली आणि फक्त आकडा गेला. लहान चर्चचे विश्वस्त वकिलाला विचारल्याशिवाय विधेयकाचं नाव काढायला कचरतात, आणि मोठ्या संप्रदायांच्या वॉशिंग्टन कार्यालयांना कुठे थांबायचं हे सांगणारं कोणी नाही.

आता मुख्य दुखणं. चर्चच्या लॉबिंगवर एकावर एक असे तीन पडदे आहेत. प्रत्येकाचं कारण एकेकाळी सयुक्तिक होतं, पण तिन्ही मिळून भिंत झाली आहे. इतर संस्थांना करमाफीसाठी फॉर्म १०२३ भरून मान्यता मिळवावी लागते. चर्च आपोआप मान्य. इतर संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो. त्यात उत्पन्न, खर्च, वरिष्ठांचे पगार असतात, लॉबिंग केलं असेल तर 'शेड्यूल सी' जोडावं लागतं, आणि हे सगळं कोणालाही वाचता येतं. चर्चना हा फॉर्म माफ. तिसरा पडदा सर्वांत कमी चर्चेतला. १९९५ च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्यात 'लॉबिंग संपर्का'ची व्याख्या करताना चर्च, त्याच्या अंगभूत संस्था, चर्चच्या संघटना आणि धार्मिक संघ यांनी केलेला संपर्क व्याख्येतूनच वगळला आहे. शस्त्रांच्या कंपनीनं, कामगार संघटनेनं, कर्करोगाच्या रुग्णांच्या संस्थेनं आपला पगारी माणूस सिनेटरकडे पाठवला तर ठरावीक खर्चावर नोंद होते. बिशपांचा पगारी माणूस गेला तर नाही.

बाहेरची लॉबिंग कंपनी नेमली तर तिच्या नोंदीतून थोडं काही दिसतं. २०२० च्या कोविड मदत कायद्याच्या वेळी तसं दिसलं. लहान उद्योगांसाठीच्या पगार-संरक्षण कर्जात संलग्न शाखा एकत्र मोजून ५०० कर्मचाऱ्यांची अट होती. डायोसिसखालची सगळी पॅरिश एकत्र धरली असती, तर अनेक डायोसिस अपात्र ठरले असते. धार्मिक संस्थांना त्या अटीतून सूट मिळाली. असोसिएटेड प्रेसनं जुलै २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा कॅथलिक संस्थांच्या वाट्याला किमान १४० कोटी डॉलर गेल्याचं दिसलं. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसनं या कायद्यातल्या पात्रतेच्या मुद्द्यावर २० हजार डॉलर खर्च केल्याची नोंद आहे. २० हजार म्हणजे हिमनगाचं टोक, की सगळा हिमनगच तेवढा? चर्चच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही पुराव्यानिशी उत्तर देता येत नाही, आणि हे चर्चच्याही हिताचं नाही.

या पडद्यांमागे जागा रिकामी आहे म्हटल्यावर ती भरायला इतर लोक येणारच. फॅमिली रिसर्च कौन्सिल ही वॉशिंग्टनमधली धोरणविषयक संस्था. विधेयकांवर भूमिका घेणं आणि खासदारांवर दबाव आणणं हेच तिचं ओळखीचं काम. २०२० मध्ये तिनं आयआरएसकडे अर्ज करून 'चर्चची संघटना' हा दर्जा मिळवला, हे 'प्रोपब्लिका'नं जुलै २०२२ मध्ये उघड केलं. मुख्यालयात उपासना होते आणि तिला सरासरी ६५ हून अधिक माणसं येतात, असं तिनं अर्जात लिहिलं होतं. 'फोकस ऑन द फॅमिली'नं हीच वाट काही वर्षं आधी धरली होती. दर्जा बदलताच फॉर्म ९९० भरण्याची सक्ती संपते. आयआरएसकडे चर्च ओळखण्याच्या १४ खुणा आहेत: ठरलेला पंथ, नियमित उपासना, स्वतःची मंडळी, दीक्षित धर्मगुरू वगैरे. पण सगळ्या लागू व्हायला हव्यात असं नाही, आणि कोणतीही एक निर्णायक नाही. ज्या खेडेगावातल्या चर्चसाठी ही माफी होती, तिची झूल पांघरून राजधानीतली संस्था बसली, तर उद्या माफीच रद्द करा म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल.

तपासणीनं हे सुटेल का? १९८४ च्या कायद्यानं, कलम ७६११ नं, चर्चची करचौकशी सुरू करायलाच उच्चपदस्थ कोषागार अधिकाऱ्याचं लेखी, सकारण मत लागतं. मग चर्चला नोटीस, भेटीची संधी, पुढे तपासणीची वेगळी नोटीस, आणि तपासणी दोन वर्षांत संपवण्याचं बंधन. ही काळजी मला योग्यच वाटते. पण १९९८ च्या पुनर्रचनेत आयआरएसमधली ती जुनी प्रादेशिक पदंच गेली, आणि सही कोणी करायची हा प्रश्न उरला. २००९ मध्ये मिनेसोटातल्या लिव्हिंग वर्ड ख्रिश्चन सेंटरच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की सही करणारा अधिकारी पुरेसा वरिष्ठ नव्हता. त्यानंतर काही वर्षं चर्चच्या अशा तपासण्या जवळपास थंडावल्या. धाडीवर विसंबलेली व्यवस्था एका सहीच्या पेचात अडकू शकते. दर तिमाहीला आपणहून भरलेला कागद तसा अडकत नाही.

कागदानं काय होतं, याचं सर्वांत टोचणारं उदाहरण न्यूयॉर्कचं. बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांना दिवाणी दाव्यासाठी तिथे वयाच्या २३ वर्षांपर्यंतच मुदत होती. ती वाढवण्याचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये वर्षानुवर्षं अडत राहिलं, आणि विरोध करणाऱ्यांत राज्याची कॅथलिक परिषद पुढे होती. राज्याच्या लॉबिंग नोंदींमुळे पत्रकारांना २०१६ मध्ये सांगता आलं, की २००७ ते २०१५ या काळात परिषदेनं हा आणि इतर विषय मिळून लॉबिंगवर २० लाख डॉलरहून जास्त खर्च केला. रविवारी पेटीत २० डॉलर टाकणाऱ्या आजीला तोवर हे कळायला मार्ग नव्हता. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कायदा झाला, मुदत ५५ वर्षांपर्यंत गेली, मुदत उलटलेल्या जुन्या दाव्यांसाठीही ठरावीक काळ दार उघडलं. पुढच्या काही वर्षांत राज्यातल्या आठपैकी सहा डायोसिसनी दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. परिषदेला त्या विधेयकाविरुद्ध बोलण्याचा हक्क होता, हे मी मान्य करतो. पण श्रद्धावानांच्या पैशानं त्यांच्याच मंडळीतल्या पीडितांच्या मागणीला विरोध होत असेल, तर ते त्या श्रद्धावानांना कळण्याचा हक्क त्याहून मोठा आहे.

'सरळ चर्चवर कर लावा' ही घोषणा अमेरिकेत लोकप्रिय आहे, आणि ती मला पटत नाही. देणग्या हे धंद्याचं उत्पन्न नव्हे. नफ्यावर कर लावायचा म्हटलं तर बहुतेक चर्चच्या वहीत नफाच नसेल. खरा बोजा पडेल तो मालमत्ता कराचा, आणि शहराच्या मधल्या जागेतलं, म्हातारी मंडळी असलेलं चर्च आधी बंद पडेल. सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये वॉल्झ खटल्यात मालमत्ता करमाफी टिकवली, तेव्हा कर लावल्यानं राज्यसंस्था चर्चच्या कारभारात जास्त गुंतेल, हे कारण दिलं होतं. ते आजही खरं आहे. शिवाय कर भरणाऱ्या चर्चला ५०१(सी)(३) चं कोणतंच बंधन राहणार नाही. ते उमेदवारांसाठी खुशाल मैदानात उतरेल. ज्यांना धर्म आणि निवडणूक यांच्यात अंतर हवं आहे, त्यांनी ही मागणी करताना इतका तरी विचार करावा.

हिशेब मागण्याला मात्र 'राज्यसंस्थेची ढवळाढवळ' हा आक्षेप लागू पडत नाही. चर्च आजही कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या कराचा फॉर्म ९४१ दर तिमाहीला भरतात. पार्किंगची जागा भाड्यानं देणं वगैरे असंबद्ध धंद्यातून १,००० डॉलर वा अधिक ढोबळ उत्पन्न झालं, तर फॉर्म ९९०-टी भरतात. त्यानं कोणाची उपासना अडलेली नाही.

गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो कृष्णवर्णीय चर्चच्या अनुभवातून येतो. १९५६ मध्ये अलाबामा सरकारनं एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली. यादी देणं म्हणजे त्या माणसांना नोकरी, घर आणि जिवालाही मुकायला लावणं होतं. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मागणी फेटाळली. म्हणून कोणत्याही नव्या नियमात देणगीदारांची वा मंडळीतल्या माणसांची नावं येता कामा नयेत. नोंद हवी ती संस्थेच्या खर्चाची, माणसांची नव्हे. दुसरी खबरदारी माँटानातल्या एका खटल्यानं शिकवली. ईस्ट हेलेनाच्या कॅन्यन फेरी रोड बॅप्टिस्ट चर्चनं २००४ च्या सार्वमतासाठी एका सभासदाला झेरॉक्स यंत्र वापरू दिलं, विनंतिपत्रं ठेवू दिली, एवढ्यावरून त्याला राजकीय समिती ठरवून कागदपत्रं मागितली गेली. २००९ मध्ये नवव्या सर्किटनं, इतक्या किरकोळ मदतीसाठी ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. अगदी योग्य. उंबरठा नसलेला नियम लहानांनाच पकडतो.

उंबरठा नव्यानं शोधायलाही नको. लॉबिंग प्रकटीकरण कायद्यात तो आहे. स्वतःचे पगारी लोक वापरणाऱ्या संस्थेचा लॉबिंगवरचा खर्च २०२५ पासून तिमाहीला १६ हजार डॉलरच्या वर गेला, आणि एखादा कर्मचारी २० टक्के वेळ त्यात घालवत असेल, तरच नोंदणी लागते. ईस्ट हेलेनाचं झेरॉक्स यंत्र त्याच्या आसपासही येत नाही. बिशप परिषदेचं सरकारी संबंध कार्यालय येतं. तेव्हा १९९५ च्या कायद्यातलं चर्चचं वगळणं तेवढं काढा. त्याच उंबरठ्याच्या वर असणाऱ्या चर्चनं आयआरएसकडे पूर्ण ९९० नाही, फक्त लॉबिंगचं परिशिष्ट द्यावं. आणि ज्यांना हवं त्या चर्चना ५०१(एच) खुलं करा; नको असेल त्यांनी घेऊ नये. 'चर्चची संघटना' या दर्जासाठी, संघटनेतली चर्च तिच्या कारभारात खरोखर सहभागी आहेत का, हे पाहणारी एक अट पुरे.

अमेरिकेतल्या मराठी माणसांना हा परक्याचा वाद वाटत असेल तर तो गैरसमज आहे. करकायद्यातला 'चर्च' हा शब्द मंदिर, मशीद, सिनेगॉग सगळ्यांना लागू होतो. गणेशोत्सव साजरा करणारं महाराष्ट्र मंडळ सांस्कृतिक संस्था म्हणून ५०१(सी)(३) मध्ये असतं. त्याला दरवर्षी ९९० चा कोणता तरी प्रकार भरावा लागतो (वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असेल तर नुसतं ९९०-एन हे ऑनलाइन पोस्टकार्ड), आणि ते फॉर्म ५७६८ भरून आकड्यांची सोय घेऊ शकतं. शेजारच्या मंदिराला यातलं काहीच नाही. सक्तीही नाही आणि सोयही नाही. शाळांना दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून आमदारांना पत्रं लिहिणं हे दोघांसाठीही लॉबिंगच.

यातली विषमता कॅलिफोर्नियाच्या एसबी ४०३ विधेयकावर स्पष्ट दिसली असती, पण कोणी त्या अंगानं पाहिलं नाही. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारं हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. आंबेडकरवादी संघटना बाजूनं होत्या, अनेक हिंदू संघटना विरोधात. अशा लढतीत उतरणाऱ्या नागरी संस्थेला, ती कोणत्याही बाजूची असो, लॉबिंगचा खर्च परिशिष्टात लिहावा लागतो. मंदिर उतरलं तर फेडरल करखात्याकडे त्यानं काहीच लिहायचं नाही. विधेयक बरोबर की चूक हा प्रश्न वेगळा. मी विधेयकाच्या बाजूचा आहे, पण विरोधात असतो तरी हेच म्हटलं असतं. एकाच प्रश्नावर भांडणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला वही उघडी ठेवायला लावायची आणि दुसरीला मिटलेली चालेल, हा न्याय नव्हे.

उघड्या वहीनं धर्माचा आवाज क्षीण होतो का? क्वेकर पंथीयांची 'फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन' १९४३ पासून वॉशिंग्टनमध्ये काम करते. ती ५०१(सी)(४) खाली आहे, म्हणजे संस्थेला करमाफी आहे पण देणगीदाराला वजावट नाही. लॉबिंगला मर्यादा नाही, मात्र नोंदणी आहे. अभ्यास आणि शिक्षणाच्या कामासाठी वेगळा ५०१(सी)(३) निधी ठेवला आहे. १९७१ मध्ये ४७ कॅथलिक भगिनींच्या बैठकीतून उभी राहिलेली 'नेटवर्क' हीसुद्धा याच साच्यातली. २००९ च्या त्या आरोग्य विधेयकाची अखेरची लढत मार्च २०१० मध्ये झाली, तेव्हा बिशप परिषद विरोधात होती आणि 'नेटवर्क'च्या भगिनी बाजूनं. कायदा झाला. भगिनींचा लॉबिंगचा खर्च नोंदींमध्ये आहे.

ज्या चर्चना वा मंदिरांना कायदा बदलेपर्यंत थांबायचं नाही, त्यांना आजही कोणी अडवलेलं नाही. एक साधी वही पुरते. तारीख, विधेयकाचा क्रमांक, कोणाला भेटलो किंवा लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून, पगारी माणसांचे तास, स्वयंसेवकांचे तास, कारण चर्चच्या कसोटीत तेही मोजले जातात, छपाई, प्रवास, वकील यांचा खर्च, आणि तो कोणत्या निधीतून गेला. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण छपराच्या दुरुस्तीसाठी दिलेला पैसा विधेयकाच्या पत्रकांवर गेला तर देणाऱ्याची फसवणूक होते. उमेदवार भेटीला आला तर त्याची नोंद वेगळ्या पानावर: कोणत्या नात्यानं बोलावलं, त्याच पदाच्या इतर उमेदवारांना तशीच संधी दिली का, आणि निधीसंकलन झालं नाही ना. वर्षाच्या शेवटी ही वही मंडळीच्या वार्षिक सभेत, जमाखर्चाच्या पत्रकासोबत ठेवावी.